किल्ल्या कोणाच्या कमरेला?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एल सेगुंदो नावाचे एक गाव आहे आणि दूर पूर्वेकडे व्हर्जिनिया राज्यात कल्पेपर नावाचे दुसरे. या दोन ठिकाणी मिळून वर्षातून चार वेळा एक विधी पार पडतो. विधी हा शब्द येथे थट्टेने वापरलेला नाही. ज्यांनी तो २०१० साली सुरू केला त्यांनीच त्याला तसे नाव दिले आहे. निरनिराळ्या देशांतून आलेली काही माणसे कडेकोट बंदोबस्तातील एका खोलीत जमतात. प्रत्येकाजवळ तिजोरीतील एकेका कप्प्याची धातूची किल्ली असते. प्रत्येक ठिकाणासाठी असे सात किल्लीधारक नेमलेले असून त्यांपैकी किमान तिघे हजर असल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. कप्प्यांतून कार्डे निघतात, यंत्र सुरू होते आणि साऱ्या जगाच्या इंटरनेटवरील नावांची जी मूळ यादी आहे, ती अस्सल असल्याची ग्वाही देणारी मोहोर पुढील काही महिन्यांपुरती सिद्ध केली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंदो येथील तिजोरीचे कुलूपच उघडेना. कारागीर बोलावून ते फोडावे लागले आणि विधी काही दिवस लांबला. पुढे साथीमुळे प्रवास थांबला तेव्हा किल्लीधारकांनी आपल्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटांतून पाठवून दिल्या.

आपल्याकडील एकत्र कुटुंबात घराची खरी सत्ता कोणाची हे ओळखण्याची एक सोपी खूण असे : किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे ते पाहावे. इंटरनेटच्या बाबतीत ही खूण शोधू गेले की एक लोकप्रिय समजूत आड येते. इंटरनेटला मालक नाही, केंद्र नाही, सीमा नाहीत, असे आपण गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत, आणि ते बव्हंशी खरेही आहे. समुद्रतळाच्या तारा वेगवेगळ्या कंपन्यांच्या, यंत्रे कोट्यवधी लोकांची, मजकूर ज्याचा त्याचा. परंतु एका जागी हे अवाढव्य जाळे एका बिंदूपाशी येते. यंत्राला नाव कळत नाही, आकडा कळतो. नावावरून आकडा शोधण्याची जी व्यवस्था आहे तिच्या मुळाशी नावांच्या अंत्यपदांची एकच यादी असते. तीत कॉम आहे, ऑर्ग आहे, भारताचे इन आहे, रशियाचे आरयू आहे. सारी मिळून दीड हजारांच्या आसपास पदे आहेत. उद्या या यादीतून एखाद्या देशाचे पद खोडले गेले तर त्या देशाच्या तारा शाबूत राहतील, यंत्रे चालू राहतील, पण त्या पदाने संपणाऱ्या पत्त्यांवर जगाला पोहोचता येणार नाही. विद्यापीठे, न्यायालये, बँका, वृत्तपत्रे यांची घरे जागेवर असतील, फक्त त्यांचे पत्ते पुसलेले असतील.

ही यादी राखण्याचे काम दीर्घकाळ जॉन पोस्टेल या एका संगणकशास्त्रज्ञाकडे होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत बसून, अमेरिकन सरकारच्या पैशावर, पण बहुतांशी स्वतःच्या सचोटीच्या बळावर ते हा कारभार पाहत. जानेवारी १९९८ च्या अखेरीस त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ही यादी जगाला पुरवणाऱ्या बारा दुय्यम यंत्रांपैकी आठ यंत्रांच्या चालकांना त्यांनी विनंती केली की, यापुढे यादी सरकारी कंत्राटदार कंपनीच्या यंत्रावरून न घेता माझ्याकडून घ्या. त्या चालकांनी ती मानली. सामान्य वापरणाऱ्यांना काहीच जाणवले नाही. वॉशिंग्टनला मात्र चांगलेच जाणवले. सरकारकडून विचारणा होताच पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी होती असे सांगून आठवडाभरात सर्व पूर्ववत केले. चाचणी होती की इशारा होता, यावर अद्याप मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र त्या आठवड्यात उघड झाली. किल्ल्या एका माणसाच्या कमरेला आहेत असे दिसत असले तरी घर अमेरिकन सरकारचे आहे, असे त्या सरकारचे मत होते.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार एक ना-नफा कंपनी नोंदवण्यात आली. तिचे लांबलचक नाव लोक उच्चारत नाहीत. तिला आयकॅन म्हणतात. सोळा दिवसांनी पोस्टेल वारले. नावे आणि आकडे यांचे व्यवस्थापन आयकॅनकडे आले, पण ते अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी केलेल्या कराराने. आणि यादीतील प्रत्येक फेरबदल त्या खात्याच्या नजरेखालून जात असे. जगातील इतर सरकारांसाठी एक सल्लागार समिती होती. आज तीत १८० हून अधिक सरकारे आहेत. पण सल्लागार समितीने सल्ला द्यावयाचा असतो, निर्णय दुसरे घेतात, हे आपल्याकडील नगरपालिकेच्या शाळेतील पालकांनाही ठाऊक असते.

वस्तुतः दळणवळणाच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय संस्था नव्हत्या असे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाहून ऐंशी वर्षांनी जुनी अशी एक संस्था जिनिव्हात आहे. १८६५ साली वीस युरोपीय राज्यांनी पॅरिसमध्ये तारयंत्रांविषयी करार केला, त्यातून जी आंतरराष्ट्रीय तार संघटना निर्माण झाली तीच आजची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. हिंदुस्थान १८६९ पासून तिचा सदस्य आहे. समुद्राखालून आलेली विलायतेची तार १८७० साली मुंबईला पोहोचली, त्याच्या एक वर्ष आधीपासून. अर्थात तेव्हा आपल्या वतीने बोलणारे आपण नव्हतो. तार हे युरोपात सरकारी खाते होते, म्हणून तारेचे नियम सरकारांनी मिळून केले. इंटरनेटचा जन्म निराळ्या घरात झाला. पैसा अमेरिकन संरक्षण खात्याचा होता, पण नियम केले ते विद्यापीठांतील अभियंत्यांनी, आपसांत चर्चा करून, मतदान न घेता. सरकारांना या घरात उशिरा जाग आली. आली तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले : ज्या गोष्टीवर आमचा व्यापार आणि आमचा राज्यकारभार चालतो तिची सूत्रे एका परकी राज्यातील खासगी कंपनीकडे का?

हा प्रश्न ज्यांनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील वाद वाचले आहेत त्यांना ओळखीचा वाटेल. जगातल्या बातम्या चार-पाच पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या हातून येतात, आफ्रिकेची बातमी आशियाला लंडनच्या चष्म्यातून वाचावी लागते, ही अलिप्त राष्ट्रांची तक्रार होती आणि ती न्याय्य होती. युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड यांच्या आयोगाने १९८० साली 'मेनी व्हॉइसेस, वन वर्ल्ड' हा अहवाल दिला. सोळा सदस्यांच्या त्या आयोगात भारताचे बी. जी. वर्गीज होते आणि कादंबरीकार गार्सिया मार्केझही होते. पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, वर्षभराने ब्रिटनही पडले, आणि नव्या माहितीव्यवस्थेची घोषणा विरून गेली. या अपयशाचे खापर केवळ बड्या राष्ट्रांवर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा संघ स्थापन करणारी परिषद दिल्लीत भरली ती जुलै १९७६ मध्ये. त्या वेळी या देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते आणि चार वृत्तसंस्था मोडून एक 'समाचार' करण्यात आली होती. जगाच्या बातम्यांत समान हक्क मागणाऱ्या यजमानाच्या घरी बातमी छापण्यास सेन्सॉरची परवानगी लागत होती. या विसंगतीकडे बोट दाखवण्याची संधी पाश्चात्त्य वृत्तपत्रे दवडणार नव्हतीच.

इंटरनेटच्या वादात हेच नाटक नव्या नटसंचात पुन्हा झाले. संयुक्त राष्ट्रसंघाची माहिती-समाजविषयक शिखर परिषद दोन टप्प्यांत भरली : डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हात आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसमध्ये. माहितीच्या स्वातंत्र्याची चर्चा करावयास ट्युनिशिया निवडावा यातच एक विनोद होता. इंटरनेटवर लेख लिहिल्याबद्दल मोहंमद अब्बू या वकिलाला तेथे त्याच वर्षी तुरुंगात धाडण्यात आले होते. दोन परिषदांच्या मधल्या काळात चाळीस जणांचा एक कार्यगट नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद नितीन देसाई या भारतीय अर्थतज्ज्ञाकडे आले. सरकारे, कंपन्या, अभियंते आणि स्वयंसेवी संस्था यांना एका टेबलाशी बसवून त्यांच्याकडून एकमताचा अहवाल लिहून घेणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हते. त्या अहवालाने चार पर्यायी रचना सुचवल्या. ट्युनिसमध्ये त्यांपैकी एकही स्वीकारली गेली नाही, कारण यादीवरील हात काढण्यास अमेरिका तयार नव्हती. तडजोड म्हणून एक व्यासपीठ निघाले. तेथे दरवर्षी सर्वांनी जमावे, बोलावे आणि कोणताही बंधनकारक निर्णय न घेता घरी जावे, असे ठरले. पहिली सभा २००६ साली अथेन्सला भरली. २००८ साली ती हैदराबादला भरली, मुंबईवरील हल्ल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात. अनेकांना वाटत होते की ती रद्द होईल, पण ती झाली. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रसंघाने वीस वर्षांचा आढावा घेतला आणि हे व्यासपीठ कायमचे केले. बोलण्याची जागा कायम झाली, यात वाईट काही नाही. पण बोलण्याची जागा म्हणजे ठरवण्याची जागा नव्हे.

या साऱ्या काळात भारताची भूमिका काय होती? तिला भूमिका म्हणावे की भूमिकांची मालिका, असा प्रश्न पडतो. २०११ साली आपण राष्ट्रसंघाच्या आमसभेत एक योजना मांडली. पन्नास देशांची एक समिती असावी, तिने दरवर्षी दोन आठवडे जिनिव्हात बसावे आणि इंटरनेटचे धोरण ठरवून आमसभेला कळवावे. कंपन्या, अभियंते, नागरिक यांनी सल्ला द्यावा. म्हणजे सल्लागार समितीत बसवल्याची जी तक्रार आपण करीत होतो तीच इतरांच्या वाट्याला यावी. योजनेवर देशातूनच टीका झाली. दुसऱ्या वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, दूरसंचार संघटनेची परिषद दुबईला भरली. १९८८ साली मेलबर्नमध्ये झालेले नियम तेथे बदलावयाचे होते आणि नव्या नियमांच्या आडून इंटरनेट सरकारांच्या ताब्यात जाईल अशी पाश्चात्त्यांना धास्ती होती. मध्यरात्र उलटल्यावर अध्यक्षांनी एका ठरावावर सभागृहाचा कल अजमावला आणि मग हे मतदान नव्हते असा खुलासा केला, इतका तेथे गोंधळ होता. ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. भारत सही न करणाऱ्यांत होता. जून २०१५ मध्ये ब्युनोस आयरिस येथील आयकॅनच्या बैठकीत केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी भारताचा पाठिंबा सरकारांच्या समितीला नसून सर्व संबंधितांच्या सहभागाच्या पद्धतीला आहे, असे जाहीर केले. चार वर्षांत आपण वर्तुळ पूर्ण केले. मत बदलणे हा गुन्हा नव्हे. पण आधीचे का चुकले होते आणि नंतरचे का पटले, हे संसदेला वा जनतेला नीट समजावून सांगावे असे कोणाला वाटले नाही.

दरम्यान अमेरिकेलाच आपला हात काढून घेणे भाग पडले होते. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकन हेरखात्याच्या टेहळणीची कागदपत्रे बाहेर आणली आणि विश्वस्तपणाचा दावा एका रात्रीत फोल ठरला. मार्च २०१४ मध्ये वाणिज्य खात्याने आपला अधिकार सोडण्याचा इरादा जाहीर केला. एप्रिलमध्ये ब्राझीलने साव पावलोला जागतिक परिषद बोलावली. आणि दोन वर्षांच्या अखंड वाटाघाटींनंतर १ ऑक्टोबर २०१६ रोजी करार संपला. आदल्या दिवसापर्यंत अमेरिकेतील चार राज्ये हे हस्तांतर रोखण्यासाठी टेक्सासच्या न्यायालयात भांडत होती. योगायोग असा की नव्या व्यवस्थेतील आयकॅनची पहिली मोठी बैठक नोव्हेंबरात हैदराबादला भरली. कोणताही निर्णय सर्वांशी विचारविनिमय केल्याखेरीज घेऊ नये, या तत्त्वाचा गौरव करण्यास जगभरातून पाहुणे आले होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता झालेल्या घोषणेने त्यांच्याजवळच्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. असो.

तेव्हा आता किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत? कोणत्याही सरकारच्या नाहीत, असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे. पण कंपनी अजून कॅलिफोर्नियाची आहे, आणि माणूस ज्या गावी राहतो त्या गावच्या फौजदाराला ओळखून असतो. इराणविरुद्ध अमेरिकन न्यायालयांतून नुकसानभरपाईचे हुकूमनामे मिळवलेल्या दहशतवादपीडितांनी २०१४ साली एक अजब मागणी केली. इराणचे, सीरियाचे आणि उत्तर कोरियाचे इंटरनेटवरील पद ही त्या देशांची मालमत्ता आहे, तेव्हा आयकॅनला हुकूम करून ती आमच्या नावे करावीत, असे त्यांचे म्हणणे होते. कर्ज थकलेल्या कुळाची भांडीकुंडी उचलावीत तशी देशाच्या नावाची जप्ती! खालच्या न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती नाकारली, हे त्या न्यायाधीशांना भूषणावह आहे. परंतु आठ कोटींहून अधिक लोकांच्या देशाचे नाव शाबूत राहावे की न राहावे, याचा निवाडा दुसऱ्या देशाच्या न्यायासनापुढे व्हावा, ही गोष्ट निकाल चांगला लागला म्हणून चांगली ठरत नाही. अमेरिकेने ज्या देशांवर निर्बंध लादले आहेत त्यांच्याशी व्यवहार करताना आयकॅनला आजही आपल्या सरकारचा परवाना पाहावा लागतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्रातील कित्येक शिक्षणसंस्था, ग्रंथालये आणि स्वयंसेवी मंडळे यांचे पत्ते ऑर्ग या पदाने संपतात. हे पद सांभाळणारी ना-नफा संस्था नोव्हेंबर २०१९ मध्ये १ अब्ज १३ कोटी ५० लाख डॉलरना एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट घातला गेला. जगभर ओरड झाली. आयकॅनने पाच महिने विचार केला. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याने, तुमच्यावर आमच्या राज्याचा धर्मादाय कायदा लागू आहे याची आठवण करून देणारे पत्र लिहिले, आणि महिनाअखेरीस आयकॅनने संमती नाकारली. विक्री टळली हे उत्तम झाले. पण ती टाळण्यात निर्णायक वजन कोणाचे पडले? जगातील स्वयंसेवी संस्थांचे, सल्लागार समितीतील सरकारांचे, की एका राज्याच्या विधी अधिकाऱ्याचे? कॅलिफोर्नियाच्या मतदाराला त्या अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. साताऱ्याच्या किंवा सेनेगलच्या संस्थाचालकाला येत नाही.

मात्र यावरून ही यादी सरकारांच्या संघटनेकडे सोपवावी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी, आक्रमणाच्या पाचव्या दिवशी, युक्रेनने आयकॅनला पत्र लिहून रशियाचे पद यादीतून काढण्याची मागणी केली. आक्रमण उघड अन्यायाचे होते आणि मागणी करणारा देश जीव वाचवण्यासाठी लढत होता. दोन दिवसांनी आयकॅनने नकार दिला. कोणाला शिक्षा करणे हे आमचे काम नव्हे, असे तिने कळवले. हा नकार योग्य होता असे आम्हांस वाटते. पद पुसल्याने रणगाडे थांबले नसते. मात्र रशियातील ज्या मोजक्या लोकांना सरकारी प्रचाराबाहेरचे काही वाचावयाचे होते त्यांची वाट अधिक बिकट झाली असती, आणि उद्या कोणाचे पद पुसावे याची मागण्यांची रांग लागली असती. आता कल्पना करा की हा प्रश्न सरकारांच्या सभेत मतास टाकला असता. तेथे राष्ट्रे गटांनी मते देतात, मतांची देवघेव होते, नकाराधिकार वापरले जातात. एखाद्या छोट्या देशाचे नाव बहुमताने पुसले जाण्याचा धोका तेथे कॅलिफोर्नियाहून कमी आहे, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

म्हणून वाद कंपनी की सरकार असा मांडणे आम्हांस चुकीचे वाटते. नावांची यादी राखणारी संस्था अभियंत्यांच्या आणि नागरिकांच्या सहभागानेच चालावी, पण तिच्यावर कोणत्याही एका देशाच्या न्यायालयाची आणि निर्बंधखात्याची सत्ता चालू नये, ही मागणी धरावयास हवी. ती अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती ही कायद्याने पाहता स्वित्झर्लंडमधील एक खासगी संस्था आहे. तरी १९९३ साली स्विस सरकारने तिच्याशी करार करून, एखाद्या राष्ट्रसंघीय संस्थेला मिळावे तसे संरक्षण तिला दिले. अशी व्यवस्था आयकॅनला का मिळू नये, हा प्रश्न भारताने प्रत्येक बैठकीत विचारावा. समिती पन्नास देशांची असावी की साठ, या प्रश्नाहून तो अधिक मोलाचा आहे.

तथापि आसन हलले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. दरवाजा सर्वांना खुला आहे असे म्हटले तरी आत कोण पोहोचते? २०१२ साली आयकॅनने नव्या पदांसाठी अर्ज मागवले तेव्हा एका अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते. १,९३० अर्ज आले. त्यांपैकी ९११ उत्तर अमेरिकेतून होते आणि साऱ्या आफ्रिका खंडातून १७. याच फेरीत ॲमेझॉन हे पद पुस्तके विकून मोठ्या झालेल्या कंपनीने मागितले, आणि हे आमच्या नदीचे, आमच्या अरण्याचे नाव आहे म्हणून ब्राझील व पेरू यांनी हरकत घेतली. सरकारांच्या समितीने हरकत उचलून धरली, आयकॅनने अर्ज फेटाळला, कंपनी लवादाकडे गेली, लवादाने कंपनीची बाजू घेतली, आणि २०१९ साली पद अखेर कंपनीकडेच गेले. गोदावरी किंवा कृष्णा या नावाच्या एखाद्या धनाढ्य कंपनीने असाच अर्ज केला तर काय होईल, याचे उत्तर या प्रकरणात आहे. २०२६ च्या फेरीसाठी अर्जाचे शुल्क २ लाख २७ हजार डॉलर ठरवण्यात आले.

पैसा हा एक अडसर झाला. दुसरा अडसर आपणच निर्माण केलेला आहे, तो अनास्थेचा. या संस्थांत सगळेच निर्णय अब्जावधी डॉलरचे नसतात. काही निर्णय एका अक्षराचे असतात. २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हे पद देवनागरीत सुरू झाले. आठ भाषांसाठी ते एकच आहे. त्यांत हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी आहेत. एक लिपी, आठ भाषा, म्हणजे कोणत्या अक्षराला प्रवेश द्यावा याचे नियम एकत्र करावे लागणार. हिंदीला ज्या अक्षरावाचून काही अडत नाही, असा मराठीचा एक अर्धा र आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना मजुरी. कानाने वेगळे, अर्थाने वेगळे. पण ज्याने मराठी शिकलेली नाही त्याला ही एकाच रची दोन वळणे वाटावीत यात नवल नाही. तशात हा र संगणकात उमटवण्याची एक जुनी पद्धत अदृश्य जोडखुणेवर अवलंबून होती, आणि मूळ यादीतील नावांत अशा अदृश्य खुणांना मज्जाव आहे. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे हे लबाडांचे भांडवल असते. सुदैवाने ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांचे नियम करणाऱ्या गटात या प्रश्नाची जाण असलेली माणसे होती. पुण्याच्या सी-डॅकमधील भाषातंत्रज्ञांनी या कामी बरीच वर्षे घालवली आहेत. ऱ या अक्षराच्या वाटेने मराठी, कोकणी व नेपाळीच्या अर्ध्या रला नियमावलीत जागा मिळाली. हे मसुदे जगापुढे अभिप्रायासाठी ठेवले जातात. कोणीही, अगदी कोणीही, पत्र लिहू शकतो, त्याला शुल्क नाही. आमच्या विद्यापीठांतील मराठी विभागांत, साहित्य संमेलनांच्या मांडवांत, भाषेच्या भवितव्यावर दरसाल परिसंवाद होतात. त्यांत या नियमावलीचा उल्लेख ऐकल्याचे आम्हांस तरी आठवत नाही. आणि पद मिळाले म्हणून काम संपले असेही नाही : देवनागरीतला ई-मेल पत्ता लिहिला की 'अवैध पत्ता' असे सांगणारे अर्जाचे नमुने आजही सर्रास आढळतात.

अखेर १९७६ च्या त्या यजमानाकडे वळावे लागते. बाहेर समान हक्क मागणाऱ्याच्या घरात काय चालते, हे जग पाहत असते. २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे, इंटरनेट बंद करण्याच्या घटनांची मोजदाद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत भारत पहिला होता. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली सेवा पूर्ण वेगाने सुरू होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. आपल्याकडे कोल्हापुरात जून २०२३ मध्ये आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये हा उपाय योजला गेला. दंगल पसरू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या जिल्ह्यात भाजीवाल्याचे पैसे, रुग्णाचा अहवाल आणि विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज त्याच तारेवरून जातो तेथे ती तार तोडण्याचा हुकूम कोणी, कोणत्या कारणाने, किती तासांसाठी दिला, हे नागरिकाला कळले पाहिजे, इतके तरी मान्य व्हावयास हवे. असे हुकूम प्रसिद्ध करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सांगावे लागले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीने चौकशी केली तेव्हा देशात किती वेळा इंटरनेट बंद करण्यात आले याची नोंद केंद्र सरकारच्या गृह खात्याकडेही नव्हती आणि दूरसंचार खात्याकडेही नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये याविषयी नवे नियम निघाले आहेत. एल सेगुंदोच्या खोलीतील विधी मात्र पहिल्यापासून जगाला थेट दाखवला जातो. कुलूप अडकले तेही कोणापासून लपून राहिले नाही. भारताचा प्रतिनिधी पुढच्या बैठकीला जाईल तेव्हा त्याच्या कागदपत्रांत आपल्या देशातील बंदहुकमांची एक पुरी यादी, तारखा व कारणांसह, असावी. ती कोणी मागण्यापूर्वीच त्याने टेबलावर ठेवावी आणि मग कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाचा विषय काढावा.